छतावरचा एसी काढून तिथे पंखा बसवू का?

जून उजाडला की माझ्याकडे कॅम्परवाल्यांची, म्हणजे गाडीमागे ओढायचं नाहीतर गाडीतलंच फिरतं घर बाळगणाऱ्यांची, पत्रं यायला लागतात, पण यंदा गंमत म्हणजे पाचही पत्रं त्याच एका भोकाबद्दल आहेत, छतावरचं, ज्यात एसी बसवलेला असतो. कोणाला तो काढायचाय, कोणाचा गळतोय, कोणाला त्या जागी पंख्याचं व्हेंट, म्हणजे हवा खेळवायचं झाकणवालं तोंड, हवंय. म्हणून या अंकात फक्त हेच. कढीपत्त्याच्या कुंड्यांचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका, तो कढीपत्ता तसाही थंडीपर्यंत टिकेल.

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. दोन वर्षांपूर्वी १९ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, २००४ सालचा. त्याचा छतावरचा एसी आधीपासूनच आजारी होता, मागच्या महिन्यात पूर्णच गेला, चालू केला की नुसता हुंऽऽ करतो आणि ब्रेकर पडतो. खरं सांगायचं तर दोन वर्षांत तो आम्ही दोनदाच लावला असेल, कारण आम्ही एस्टेस पार्कच्या वरच्या बाजूला नाहीतर नॅशनल फॉरेस्टमधे जातो, तिथे वीजच नसते. नवरा म्हणतो काढून टाकू आणि त्याच भोकात पंखा बसवू, एका शनिवारचं काम आहे. मला मात्र छत उघडायचं म्हटलं की धडकी भरते. माझं माहेर चिपळूणचं, दर वर्षी मे महिन्यात शाकारणी झाली तरी जुलैत एक तरी बादली माजघरात लागायचीच. पंखा त्या भोकात बसेल का, आणि गळणार नाही ना?

उत्तर: बसेल. अमेरिकेत बहुतेक सगळ्या ट्रेलर-कॅम्परवर एसीचं भोक आणि व्हेंटचं भोक एकाच मापाचं असतं, १४ इंच बाय १४ इंच, म्हणून हा अदलाबदलीचा उद्योग मुळात शक्य होतो. तरी आतलं प्लास्टिकचं कव्हर काढून टेपने एकदा मोजाच, जुन्या गाड्यांत कोणी आधी करवत चालवून ठेवलेली असते.

पण काढायच्या आधी एक. हुंऽऽ करून ब्रेकर पडतो याचा अर्थ कॉम्प्रेसर मेलाच असं नाही, बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारी डबी, गेलेला असतो आणि तो अगदी स्वस्तातला भाग आहे. विकायचा असेल किंवा कोणाला द्यायचा असेल तर तेवढं तपासून घ्या. तुम्ही दोन वर्षांत दोनदाच लावलाय, त्यामुळे तुमच्यासाठी मी तो दुरुस्त करा असं म्हणणार नाही. नवऱ्याचं बरोबर आहे, फक्त एका शनिवारचं काम आहे हे चूक, रविवार पण धरा.

आता पंखा काय करतो आणि काय करत नाही ते नीट समजून घ्या, कारण सगळी निराशा इथेच होते. पंखा हवा थंड करत नाही. बाहेर जी हवा आहे तीच आत आणतो, बस. बाहेर ३५ असेल तर आत ३५ च्या खाली जाणार नाही. पण दुपारी बंद ट्रेलर उन्हात तापून बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम होतो, छताला हात लावून बघा, आणि ती कोंडलेली गरम हवा वरच जमते. पंखा तीच आधी बाहेर फेकतो. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर धुराडं असायचं ना, तत्त्व तेच, फक्त इथे मोटर लावलीये. आणि तुमच्याकडे रात्री गारवा असतो. उंचीवर साधारण दर हजार फुटांना पारा दोन अंश सेल्सियसने उतरतो, फोर्ट कॉलिन्स ५,००० फुटांवर, एस्टेस पार्क साडेसात हजारांवर, म्हणजे घर सोडल्यापासून पाच अंश तुम्ही फुकटातच कमावले, वर हवा कोरडी, सूर्य डोंगराआड गेला की स्वेटर घालावा लागतो. अशा ठिकाणी पंखा राजा आहे.

थोडा हिशोब सांगतो, नवऱ्याला आवडेल. तुमच्या ट्रेलरची आतली जागा धरा १६ फूट लांब, ७ रुंद, साडेसहा उंच, म्हणजे साधारण सव्वासातशे घनफूट. मॅक्सएअरचे किंवा फॅन-टॅस्टिकचे चांगले पंखे फुल स्पीडला मिनिटाला ९०० घनफुटांच्या आसपास हवा फेकतात. कागदावर दर मिनिटाला अख्ख्या ट्रेलरची हवा बदलली. प्रत्यक्षात जाळी, अर्धी उघडी खिडकी, पडदे, त्यामुळे एवढं होत नाही, पण अर्धं झालं तरी बघा. आणि वीज किती? १२ व्होल्टवर फुल स्पीडला दोन-तीन अँपिअर, रात्री मंद ठेवला तर एकाच्याही खाली. म्हणजे रात्रभराचे दहा अँपिअर-तास धरा. तुमची १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी अर्धीच वापरायची असते, तरी आरामात पुरते. उलट १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे एसीची थंड करायची ताकद मोजायचं माप) एसी चालताना १,३०० ते १,५०० वॉट खातो, तो इन्व्हर्टर लावून त्याच बॅटरीवर चालवायचा म्हटलं तर शंभराच्या वर अँपिअर ओढणार आणि अर्ध्या तासात अंधार. म्हणून जंगलात तो एसी म्हणजे छतावर नेलेलं ओझंच असतं, आणि ओझं म्हणजे खरोखर ओझं, ३५ ते ४५ किलो, तेही सगळ्यात वर. तो गेला की गाडीची उंची कमी होते आणि सोलर पॅनलवर त्याची सावली पडायची तीही गेली, हा फायदा कोणी सांगत नाही.

आता तुमच्या भीतीकडे येतो. एसी छताला स्क्रूने बसवलेला नसतो हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. तो आपल्या वजनावर एका जाड फोमच्या गॅस्केटवर बसतो आणि आतल्या बाजूने एक पत्र्याची चौकट असते तिच्यातून चार लांब बोल्ट वर जातात, ते आवळले की छत मधे सँडविचसारखं दाबलं जातं. त्यामुळे छताच्या कातडीला एकही भोक नसतं, ते १४ इंची भोक सोडून. व्हेंटचं नेमकं उलटं आहे. त्याला चारी बाजूंनी पातळ कॉलर असते, ती छतावर ठेवून वरून दहा-पंधरा-वीस स्क्रू मारायचे असतात. ते स्क्रू कशात जाणार? लाकडात. म्हणून एसी काढल्यावर पहिलं काम, भोकाच्या कडेने बोट फिरवा, चारी बाजूंनी लाकडी चौकट आहे का ते बघा, आणि असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टणक लागलं तर तुमचं नशीब. भिजलेल्या बिस्किटासारखं आत गेलं तर आधी ते कुजकं लाकूड काढून नवी पट्टी बसवायची, घाई करायची नाही. काही गाड्यांत चौकट नसतेच, नुसता फोम आणि वर पातळ प्लाय, तिथे दीड इंची लाकडी पट्ट्या मापात कापून आतून गोंद आणि स्क्रूने बसवा. हे न करता नुसत्या प्लायवर स्क्रू मारले तर हायवेवरच्या वाऱ्यात ते व्हेंट सैल होणार, आणि मग तुमची चिपळूणची बादली आलीच.

काढताना. आधी सगळी वीज बंद, बाहेरची केबल काढलेली, इन्व्हर्टर बंद, जनरेटर बंद. कपॅसिटरमधे वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो, तिथे बोटं घालू नका. आतलं कव्हर काढा, फोटो काढा, कुठली वायर कुठे ते लिहून ठेवा, जोड सोडवा, मग चार बोल्ट. वर दोन माणसं पाहिजेत आणि शिडीला खाली तिसरा. एसी छतावर ओढत नेऊ नका, रबराचं छत फाटतं, खाली जुनं ब्लँकेट नाहीतर पुठ्ठा टाका, दोराने बांधून तिरक्या फळीवरून हळूहळू उतरवा. आणि छतावर चालताना गुडघ्याखाली प्लायचा तुकडा ठेवा, काही छतं माणसाचं वजन घ्यायला केलेलीच नसतात. उतरवल्यावर हौस म्हणून तांब्याच्या नळ्या कापायच्या नाहीत, आतला गॅस हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे, क्लीन एअर ॲक्टच्या कलम ६०८ खाली. अख्खा तसाच भंगारवाल्याकडे न्या आणि आत गॅस आहे हे सांगा.

वायरिंगला थोडा वेळ द्या कारण इथे माणसं फसतात. एसीची लाइन १२० व्होल्टची, घरातल्या प्लगसारखी एसी वीज (इथे एसी म्हणजे विजेचा प्रकार), पंखा १२ व्होल्टचा, बॅटरीसारख्या डीसी विजेवरचा. भोकात वायर दिसतेय म्हणून पंखा तिला जोडला तर पंखा एका सेकंदात गेला, आणि तेवढ्यावर भागलं तर बरं. गोंधळ का होतो सांगतो. १२० च्या लाइनमधे काळी वायर फेजची, म्हणजे जिवंत, आणि पांढरी न्यूट्रल. १२ व्होल्टच्या बाजूला बहुतेक ट्रेलरमधे पांढरी मायनस असते आणि प्लस काळी, लाल किंवा कारखान्यात त्या दिवशी जी सापडली ती. दोन्हीकडे काळी-पांढरी! म्हणून रंगावर जायचं नाही, मल्टीमीटर लावायचा. एसीची लाइन पॅनलमधे ब्रेकरवरूनच सोडवायची, दोन्ही टोकांना टोप्या लावायच्या, छताकडचं टोक झाकणाच्या जंक्शन बॉक्समधे बंद करायचं आणि वर चिठ्ठी चिकटवायची. हे जमत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, तासाभराचं काम आहे, इथे पैसे वाचवू नका. पंख्याला १२ व्होल्ट जवळच्या छताच्या दिव्यातून मिळतात, दिवे एलईडी केले असतील तर त्या लाइनवर भरपूर जागा असते. पंख्याच्या पुस्तिकेत जेवढ्या अँपिअरचा फ्यूज सांगितलाय तेवढ्याचा त्याच्या वायरवर वेगळा लावा. भिंतीवर थर्मोस्टॅट असेल तर एसीच्या भोकात १२ व्होल्टच्या बारीक वायरी पण सापडतील, त्या कंट्रोलसाठी असतात, त्यांच्यावर पंखा चालवायचा मोह नको.

एक मधलीच गोष्ट, तुमचा एसी डक्टवाला आहे का? म्हणजे छतात लांबवर छोटी छोटी तोंडं आहेत का? असली तर ते डक्ट त्याच भोकात उघडतात. ते ॲल्युमिनियम टेपने आणि फोमने बंद करा, नाहीतर पंखा खिडकीतून हवा ओढायच्या ऐवजी डक्टमधली धूळ ओढत बसेल.

आणि आता गळती. गॅस्केटखालची जागा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, टर्पेंटाइन असलं काही रबराच्या छताला लावायचं नाही, ते फुगतं. कॉलरच्या खाली चारी बाजूंनी ब्यूटाइल टेप, च्युइंगगमसारखी असते ती, कोपऱ्यात तुटू द्यायची नाही. मग व्हेंट ठेवा, झाकणाची बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला आहे ना ते बघा, सगळे स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, कडेने टेप थोडी बाहेर येईल, येऊ दे, तेच पाहिजे. मग स्क्रूच्या प्रत्येक डोक्यावर आणि कॉलरच्या कडेवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट, कंजूषी न करता. छत रबराचं आहे का टीपीओचं (रबरासारखंच दिसणारं प्लास्टिक) का फायबरग्लासचं ते बघून त्याला चालणारंच घ्या.

सिलिकॉन नको. हे मी स्वतःच्या गाढवपणावरून सांगतोय. माझ्या पहिल्या ट्रेलरवर मी बाथरूमला वापरतात ते सिलिकॉन लावलं होतं, दिसायला काय सुंदर, पांढरंशुभ्र. दोन हिवाळ्यांनी ते रबरावरून सालासारखं निघून आलं, आणि खरी शिक्षा पुढे, त्याचा जो तेलकट थर मागे राहतो ना, त्यावर दुसरं कुठलंच सीलंट नीट धरत नाही, दोन दिवस मी छतावर खरवडत बसलो होतो आणि खाली बायको चहा देताना काही बोलत नव्हती, तेच जास्त लागत होतं.

कोरडा दिवस बघा, थोडं ऊन असलेला, गार हवेत सीलंट पसरत नाही. वरवर ते लवकर सुकतं, पूर्ण पक्कं व्हायला काही आठवडे लागतात. दर वर्षी एकदा वर चढून भेगा बघायच्या, तुमच्या माहेरच्या शाकारणीसारखंच आहे हे, फक्त माणूस बोलवायला लागत नाही. आतून प्लास्टिकची चौकट येते, ती तुमच्या छताच्या जाडीनुसार कापायची. जुन्या एसीचं कव्हर मोठं होतं त्यामुळे त्याचा डाग आजूबाजूला दिसणार, पातळ प्लायची रंगवलेली चौकट लावली की झाकला जातो. आणि कोलोरॅडोचा हिवाळा आहे तर त्या भोकात बसणारी १४ इंची फोमची उशी मिळते ती घेऊन ठेवा, रात्री हीटरची सगळी ऊब त्या पातळ झाकणातूनच जाते.

प्रश्न: काका, आमचा कॅम्पर ह्यूस्टनला असतो. २,००० वॉटचा जनरेटर घेतला पण त्यावर एसी सुरूच होत नाही, सुरू होताना जनरेटर गचका खाऊन बंद. वैतागलोय. एसी काढून तिथे मोठा पंखा बसवावा म्हणतो. कसं वाटतं?

उत्तर: अजिबात नको. ह्यूस्टनच्या जुलैत रात्री बारा वाजता पण पारा पंचविशीच्या खाली जायला तयार नसतो आणि हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट, घाम वाळतच नाही. तिथे पंखा लावून तुम्ही बाहेरची दमट हवा आत आणणार, गादी सुद्धा ओलसर लागेल. एसी थंड करतो त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो हवेतलं पाणी काढतो, ते काम पंख्याला जन्मात जमणार नाही.

तुमचा त्रास वेगळाच आहे. एसी चालताना जेवढी वीज घेतो त्याच्या कितीतरी पट सुरू होतानाच्या त्या क्षणात मागतो आणि जनरेटर तिथेच मान टाकतो. त्यासाठी सॉफ्ट स्टार्टर नावाची छोटी डबी मिळते, एसीच्या आत बसते, कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करते. ती लावल्यावर १३,५०० चा एसी अशा जनरेटरवर बऱ्याच लोकांचा चालतो, पण काठावर, त्या वेळी मायक्रोवेव्ह बंद, बॅटरी चार्जर बंद आणि जनरेटर इको मोडवर, म्हणजे इंधन वाचवायच्या मंद वेगावर, नाही. १५,००० चा असेल तर मोठा जनरेटर बघा.

पंख्याची हौसच असेल तर बाथरूममधलं व्हेंट बघा. तेही बहुतेक १४ बाय १४ चंच असतं, आत एक केविलवाणा छोटा पंखा, आणि मुख्य म्हणजे १२ व्होल्टची वायर तिथे आधीच आलेली असते. तो काढून मोठा बसवा. एसी पण राहिला, पंखा पण आला, छताला नवीन भोक नाही. कोलोरॅडोच्या ताईंना मी हे सुचवलं नाही कारण त्यांचा एसी मेलेला आहे, पण ज्यांचा एसी जिवंत आहे अशा प्रत्येकाने आधी बाथरूमकडे बघावं असं माझं मत आहे.

प्रश्न: सिएटलहून लिहितेय. एसीच्या भोवती छतावर पिवळा डाग पडलाय आणि कव्हरमधून थेंब थेंब पाणी येतं. मैत्रीण म्हणाली एसी काढून व्हेंट बसव, कटकट संपेल. आम्हाला इथे एसी लागतो असंही नाही.

उत्तर: गळतं म्हणून काढताय तर थांबा, कारण आत्ता छताला एक गॅस्केट आहे, उद्या वीस स्क्रू असतील. आधी बघा पाणी कधी येतं. फक्त एसी चालू असताना येत असेल तर ते पावसाचं नाहीच, एसीने हवेतून काढलेलं पाणी आहे आणि त्याची वाट कचऱ्याने तुंबलीये, वरचं कव्हर काढून साफ करा. पावसात येत असेल तर आतलं कव्हर उघडा, चार बोल्ट दिसतील, वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. नवीन गॅस्केट साधारण इंचभर जाड असतं आणि दबून अर्ध्या इंचावर यायला हवं, त्यापुढे आवळू नका, पार चिरडलं तर तेच गळतं. पहिल्यापासून दबून पापड झालेलं असेल तर एसी उचलून नवीन गॅस्केट टाका. तरीही गळलं तर पाणी दुसरीकडून येतंय, पुढच्या सांध्यातून शिरून प्लायवरून सरकत एसीच्या भोकाशी टपकणं हे नेहमीचं आहे. बादलीने एका वेळी एकाच भागावर पाणी ओता, खाली एक माणूस बसवा, सापडेल.

हे सगळं झाल्यावर कोरडं छत ठेवून हौसेने व्हेंट बसवायचं तर बसवा, सिएटलला खरंच चालेल. हिवाळ्यात आत श्वासाची वाफ काचांवर जमते आणि गाद्यांखाली बुरशी येते, त्यालाही मंद पंखा चांगला. पण तुमच्याकडच्या पावसासाठी झाकणावर छज्जा असलेला घ्या, पाऊस पडत असतानाही उघडा ठेवता येतो.

प्रश्न: सर, पुण्यात आम्ही मित्रांनी मिळून जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करायला घेतलाय. वर एसीचं युनिट आहे ते काढून अमेरिकेहून भाऊ पंखा आणणार आहे तो बसवायचा विचार आहे. काही सूचना?

उत्तर: वर जे लिहिलंय त्यातलं सीलंट आणि १२ व्होल्टचं तुम्हाला लागू, बाकीचं जसंच्या तसं नाही. तुमच्या गाडीतला एसी इंजिनवर चालणारा असतो, त्याच्या गॅसच्या नळ्या थेट इंजिनपाशी कॉम्प्रेसरपर्यंत गेलेल्या असतात, तो गाडीच्या एसीवाल्याकडूनच गॅस काढून मग उतरवा. छतावर १४ इंची चौकोन मिळेल ही अपेक्षा नको, आणि पत्र्याला नळीदार उंचवटे असतात, त्यावर सपाट कॉलर बसत नाही, मधे पाणी थांबतं. खालून लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट आणि वरून उंचवट्यांच्या मापाची पट्टी करून घ्या, पत्रा कापलेल्या कडेला गंजरोधक रंग विसरू नका. आणि कात्री लावायच्या आधी आरटीओत विचारा, गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. भावाला सांगा, येताना ब्यूटाइल टेपचा एक रोल जास्तीचा आण.

प्रश्न: काका, आम्ही न्यू जर्सीत, मागच्या वर्षी एसीच्या जागी पंखा बसवून घेतला, छान चालतो. पण दोन तक्रारी. फोडणी टाकली की पंखा फुल असूनही धुराचा अलार्म बोंबलतो, सासूबाई सांगलीहून आल्यात, त्या दचकतात. आणि दुसरी म्हणजे अधूनमधून आत घाणेरडा वास येतो, टाकी रिकामी असली तरी.

उत्तर: दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही खिडकी उघडत नाही, बरोबर ना? पंख्याला बाहेर फेकायला हवा पाहिजे, ती कुठून तरी यायला लागते. सगळं बंद करून पंखा फुल केला तर तो नुसता ओरडतो, धूर हलत नाही. शेगडीच्या पलीकडची, म्हणजे पंख्यापासून लांबची एक खिडकी चार बोटं उघडा, पंखा बाहेर फेकण्याच्या दिशेला आहे ना ते बघा, आणि तो मोहरी तडतडायच्या आधी दोन मिनिटं सुरू करा, नंतर नाही. लाल मिरच्यांची फोडणी असेल तर सासूबाईंना सांगा बाहेरच्या टेबलावरच्या शेगडीवर टाकू, कॅम्पिंगला आलोय. अलार्मची बॅटरी मात्र काढायची नाही, कोणी कितीही दचकलं तरी. गॅसवरचा हीटर चालू असताना खिडक्या बंद करून पंखा फुल चालवणं तर अजिबात नको, बाहेर जाणारा जळका वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना तेही बटण दाबून बघा.

वासाचं तेच. खिडकी बंद आणि पंखा सुरू असला की तो जिथे वाट मिळेल तिथून हवा ओढतो, आणि ट्रेलरमधे सगळ्यात सोपी वाट संडासाच्या टाकीतून असते. कोणी आत जाऊन पेडल दाबलं की झडप उघडते आणि टाकीतली हवा थेट तुमच्या पोह्यांपर्यंत. टाकी रिकामी असली तरी वास असतोच. बेसिनच्या सापळ्यातलं, म्हणजे खालच्या वाकड्या नळीतलं, पाणी वाळलं असेल तर तिथूनही येतो, प्रत्येक बेसिनच्या भोकात पेलाभर पाणी ओता. आणि बाथरूमच्या दारावर सासूबाईंना दिसेल अशी मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: आधी पंखा बंद, मग पेडल.